दयाळ, पाकट आणि लाल यादी : वाचकांचे प्रश्न

प्राण्यांचे वर्ग, लाल यादी (कोणती जात किती धोक्यात आहे, ते सांगणारी जागतिक यादी) आणि कायदा यांची गल्लत करणारी पत्रं खान्देशातून सतत येतात. त्यांतली चार घेतो.

दयाळ आणि पाकट, दोघांनाही पाठीचा कणा असतो. मग वर्ग एकच ना? (विद्यार्थिनी, धुळे)

नाही. संघ एक, वर्ग वेगळे. दयाळ पक्षी वर्गातला. पाकट हा मासा कास्थिमत्स्यांतला, म्हणजे हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांतला, शार्कचा भाऊबंद.

तोरणमाळकडचा रानपिंगळा गाणाऱ्या पक्ष्यांत येतो का? (शहादा)

नाही, ते घुबड आहे. शंभरावर वर्षं बेपत्ता होतं, १९९७ मध्ये तुमच्याच शहाद्याजवळ पुन्हा दिसलं. २०१८ पासून लाल यादीतला दर्जा ‘संकटग्रस्त’. घरटं सापडलं तर फोटो टाकत बसू नका, आधी वनविभागाला कळवा.

दयाळ लाल यादीत ‘लीस्ट कन्सर्न’मध्ये (सर्वांत कमी चिंतेच्या गटात) आहे, म्हणजे पाळायला हरकत नाही, असं दुकानदार म्हणतो. खरं का? (चोपडा)

साफ खोटं! आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेची लाल यादी फक्त एवढंच सांगते, की जात नामशेष होण्याचा धोका किती. पाळायची परवानगी ती देत नाही. ते ठरवतो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, आणि त्यानुसार दयाळ काय, मुनिया काय, पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. बाजारात हिरव्या-गुलाबी ‘फॉरेनच्या चिमण्या’ दिसतात ना? त्यातल्या बऱ्याच आपल्याच रानातल्या मुनिया असतात, रंगात बुडवलेल्या. पंख फिसकारलेले, पिसं एकमेकांना चिकटलेली, मुळाशी मूळचा तपकिरी रंग. दया आली म्हणूनही विकत घेऊ नका. तुमच्या पैशांवर पुढचं जाळं लागतं. घरात असा पक्षी असेल तर परस्पर सोडूनही देऊ नका. १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर आजच फोन करा. ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणेपर्यंत पक्षी मरतो.

जळगावच्या मासळी बाजारात पाकट नेहमी दिसतो, मग तो धोक्यात कसा? (जळगाव)

टोपलीत दिसतो म्हणून समुद्रात भरपूर आहे, हा हिशेबच चुकीचा. दयाळाची मादी एका विणीत तीन ते पाच अंडी घालते. पाकटाची मादी उशिरा वयात येते, थेट पिल्लंच देते आणि तीही मोजकी. ट्रॉलरच्या जाळ्यात मात्र लहानमोठं सगळंच येतं. जगातल्या शार्क-पाकट कुळातल्या एक तृतीयांशाहून अधिक जाती आज धोक्यात आहेत. जावा स्टिंगरी या पाकटाच्या लहानशा नातेवाइकाचा एकच नमुना १८६२ मध्ये जकार्ताच्या मासळी बाजारात मिळाला. २०२३ मध्ये ती जात नामशेष जाहीर झाली. लाल यादीत ‘माहिती अपुरी’ असा शेरा असलेली जातही सुरक्षित समजू नका. आपल्याकडे काही जातींना कायद्याचं संरक्षण आहे, पण शेपूट छाटलेल्या तुकड्यावरून जात ओळखणं अवघड. शंका आली तर अख्ख्या माशाचा, वरून आणि खालून, फोटो घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा; विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका.