हरिकेनचा (अटलांटिकमधल्या चक्रीवादळाचा) अंदाज बांधायला शिकताय? सुरुवात इथून करा
संगणकी मॉडेलं वादळाचा संभाव्य मार्ग दाखवतात, त्या रंगीबेरंगी रेघांत आत्ताच शिरू नका. आधी वादळाला ढकलतंय कोण ते बघा. अटलांटिकमध्ये बहुतेकदा बर्म्युडाजवळचा उच्च दाबाचा पट्टा. तो पश्चिमेकडे पसरला की वादळही तिकडेच रेटलं जातं. मागे हटला की उत्तरेला वळतं.

जोर ओसरेल का, यासाठी सध्या तीनच गोष्टी:

- पुढचं पाणी २६ अंशांहून थंड आहे का
- कोरडी हवा आत घुसतेय का
- वरच्या-खालच्या वाऱ्यांत फरक किती. उपग्रहचित्रात ढग एकीकडे आणि केंद्र उघडं पडलेलं दिसलं, की समजा वादळाची कंबर मोडतेय.

नवखे हमखास फसतात ते शंकूपाशी, म्हणजे अंदाजाच्या नकाशावर वादळापुढे रुंदावत जाणाऱ्या पट्ट्यापाशी. तो वादळाचा आकार नव्हे! केंद्र कुठे असू शकेल एवढंच तो सांगतो, तेही साधारण तीनपैकी दोनदाच खरं ठरतं. वारा-पाऊस त्याबाहेरही झोडपतो. अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटर दर ६ तासांनी अंदाजासोबत चर्चाही (अंदाजामागचं लेखी विवेचन) देतं. ती आवर्जून वाचा, अंदाजकार आपल्या शंका तिथेच मांडतात.