फ्रिजमधली बाटली आणि तेलातलं मेण

प्रश्न : निफाडजवळ माझं ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हायड्रॉलिक प्रेस नीट उचलत नाही, तेल गढूळ दिसतं. एक विक्रेता म्हणतो, तेलात मेण आहे, ते विजेच्या चार्जने काढणारं मशीन घ्या. असं खरंच होतं का?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : मेण चार्जने ओढून काढता येतं. पण तुमच्या प्रेससाठी ते मशीन घेऊ नका, निदान मेणासाठी तरी नाही.

सातपूर एमआयडीसीत मी तीस वर्षं मेंटेनन्स पाहिला. एका थंडीत पहिल्या पाळीला प्रेसचा पंप किंचाळायला लागला. मी पंप खोलून बसलो, दोन दिवस वाया गेले. शेवटी सक्शनची, म्हणजे पंप टाकीतून तेल ओढतो तिथली जाळी काढली, तर तिच्यावर पांढरट साय धरलेली. बोटावर घेतली, चोळली, तशी ती उबेनं विरघळून गेली. तेलाचं बॅरलच खराब होतं. तेव्हापासून पंपाला हात लावण्याआधी मी तेल बघतो.

हे मेण मुळात कच्च्या तेलातलं. खोबरेल तेल थंडीत सगळंच थिजतं; इथे तसं नाही. इथे थोडंसं मेण स्फटिक होऊन जाळं विणतं आणि उरलेलं पातळ तेल त्यात अडकून बसतं. रिफायनरीत तेलात मिथाइल इथाइल कीटोन आणि टोल्युइन ही द्रावकं मिसळून ते शून्याच्या बरंच खाली थंड करतात आणि मेण गाळून काढतात. पण स्फटिक बारीक असले की गाळणीचं कापड तुंबतं. म्हणून चार्जची कल्पना निघाली. तेल विजेला सहसा वाट देत नाही, त्यामुळे टोकदार इलेक्ट्रोडमधून सोडलेला चार्ज मेणाच्या कणांवर जाऊन बसतो आणि कण समोरच्या पृष्ठभागाकडे खेचले जातात. आपल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात धुरातली राख पकडतात ती याच तत्त्वावर. कॉट्रेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1908 साली त्याचं पेटंट मिळवलं.

आता खरी गोम. पकडले जातात ते घट्ट झालेले कण. प्रेस चालून तेल तापलं की मेण विरघळतं, मग चार्ज कितीही द्या, ते तेलाबरोबरच निघून जातं. बारीक घाण काढायला अशी मशीन कारखान्यांत असतात आणि ती चांगली चालतात. मात्र तेलात पाणी असेल तर तिथेही गाडी अडते.

तर आधी खर्च न करता एवढं करा. काचेच्या बाटलीत टाकीतलं तेल घेऊन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. चार-पाच अंश म्हणजे तुमची जानेवारीची पहाटच. सकाळी बाटली आडवी करा. तेल स्वच्छ पण संथ असेल, तर ग्रेड, म्हणजे तेलाचा दाटपणा, जड आहे. मशीन बनवणाऱ्याने सांगितलेला ग्रेड तपासा. धुरकट असेल, तर तापलेल्या पत्र्यावर लांबून एक थेंब टाका, डोळ्यांना चष्मा लावूनच. तडतडलं तर पाणी आहे: टाकीचं झाकण, ब्रीदर (टाकीत हवा ये-जा करते ती टोपी) आणि कूलर बघा. तडतडलं नाही आणि बाटली उन्हात ठेवल्यावर धुरकटपणा गेला, तर मेणच समजा.

मग ते तेल काढून टाका. नवं घेताना दुकानदाराकडून पोअर पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाच्या खाली तेल वाहायचं थांबतं ते, लिहिलेला कागद मागा. तो शून्याच्या बराच खाली हवा. सुट्टं, बिनछापाचं बॅरल स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.