बायकांना लांब पल्ल्याची स्टीपलचेस झेपत नाही, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे: इंग्लंडची ग्रँड नॅशनल ही स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत धावायची घोड्यांची शर्यत, 1839 पासून चालू आहे, मग ती जिंकणारी पहिली स्त्री 2021 मध्ये कशी? आणि तुमच्या मुलीला रायडिंग शिकवणारे सर म्हणतात तसा बायकांच्या खांद्यात जोर कमी पडतो का?

नाही. सर साफ चुकीचं सांगताहेत.

ग्रँड नॅशनलचं कारण सरळ आहे. 1975 साली ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा झाला, तोवर बायकांना तिथे घेतच नव्हते. 1977 ला शार्लट ब्रू पहिल्यांदा उतरली, सत्ताविसाव्या अडथळ्याशी तिचा घोडा अडला. 1982 ला जेराल्डीन रीसने शर्यत पूर्ण केली. 2021 ला रेचल ब्लॅकमोर मिनेला टाइम्स या घोड्यावर बसून जिंकली. आधी 138 वर्षं बाहेर ठेवायचं आणि मग खांदे मोजायचे, हा कुठला न्याय?

पण तुम्हाला खरा इतिहास हवा असेल तर इंग्लंड सोडा आणि चेक प्रजासत्ताकातल्या पार्दुबित्सेकडे बघा. प्रागच्या पूर्वेला, ट्रेनने तासाभरावर. तिथली वेल्का पार्दुबित्स्का ही स्टीपलचेस 1874 पासून होते. अंतर 6,900 मीटर, म्हणजे ग्रँड नॅशनलइतकंच, पण वाट हिरवळीवरून निघून नांगरलेल्या शेतांतून जाते. ऑक्टोबरात पाऊस पडला की तो चिखल घोड्याचे पाय ओढून धरतो. मी नोकरीनिमित्त प्रागला राहते, त्यामुळे ही शर्यत मैदानात उभं राहून बघितली आहे. चौथा अडथळा टॅक्सिस. समोरून दिसतं ते दीड मीटर उंचीचं, तितकंच जाड हिरवं कुंपण. त्यामागे खंदक आहे, आणि तो उडी घेणाऱ्या घोड्याला दिसतच नाही. सरावासाठी इथे कोणी उडी मारत नाही. टॅक्सिस वर्षातून एकदा, याच शर्यतीत ओलांडायचा. घोडे त्याच्यावर येतात तेव्हा आजूबाजूची गर्दी गप्प होते, कुंपणाच्या फांद्या पोटाला घासल्याचा आवाज तेवढा येतो.

हाच टॅक्सिस लाटा ब्रांडिसोवा ही चेक स्वार 1927 साली ओलांडायला निघाली. बाई उतरणार म्हणून जोरदार विरोध झाला. ती उतरलीच. अनेकदा पडली, दर वेळी परत घोडीवर चढली आणि पाचवी आली. मधल्या वर्षांतही ती उतरत राहिली. 1937 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, किन्स्की जातीच्या नॉर्मा नावाच्या घोडीवर बसून तिने ती शर्यत जिंकली. तेव्हा जर्मन लष्करी स्वारांचा तिथे दबदबा होता. पुढच्या वर्षी युद्धाच्या सावटामुळे शर्यत झालीच नाही, नंतर थेट 1946 ला. 1949 ला तिथेच पडून ती जबर जखमी झाली आणि तिची कारकीर्द संपली. कम्युनिस्ट राजवटीत घरदार गेलं, आणि 1981 मध्ये वारली तेव्हा फारशी कुणाला आठवतही नव्हती. म्हणजे रेचल ब्लॅकमोरच्या 84 वर्षं आधी उत्तर मिळालं होतं, ते कुणी ऐकलं नाही एवढंच.

आता माझं सांगते, कारण तुमच्या सरांचं वाक्य मी जसंच्या तसं ऐकलं आहे. पुण्यात शिकत असताना एका क्लबात मी रायडिंग करायचे. तिथे एक तापट घोडी होती. अख्खा पावसाळा मी तिच्यावर मेहनत घेतली. मोतद्दार काका म्हणायचे, "हिच्या तोंडाशी खेळू नकोस, पोरी, ती स्वतः अंतर मोजते." अगदी खरं होतं. उडीच्या क्षणी हात पुढे सोडले, मान मोकळी दिली, की ती ऑक्सरवरून, म्हणजे एकामागे एक आडव्या दांड्यांच्या रुंद अडथळ्यावरून, अलगद जायची. लगाम आवळला की जागच्या जागी थांबायची.

स्पर्धेच्या सकाळी प्रशिक्षकांनी ती घोडी एका मुलाला दिली. मला म्हणाले, "मुलींनी ड्रेसाज करावं, ऑक्सरला खांदे लागतात." ड्रेसाज म्हणजे उड्यांविना, घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा प्रकार. मी कठड्याशी उभी होते. मुलगा तगडा होता, आणि घाबरला की दोन्ही हातांनी लगाम छातीशी ओढायचा. घोडी पहिल्या ऑक्सरला अडली. पुन्हा अडली. तिसऱ्यांदा अडल्यावर घंटा वाजली आणि तो बाद झाला. प्रशिक्षक म्हणाले, घोडीचा आज मूड नव्हता. मोतद्दार काका काही बोलले नाहीत, खोगीर उतरवताना त्यांनी फक्त तिच्या ओठांच्या कोपऱ्यावरचं रक्त पुसलं.

घोड्याचं वजन चारशे-पाचशे किलो. ते कुणाच्याही खांद्याने उचललं जात नाही. उडी घोडा मारतो, स्वाराने त्याच्या आड यायचं नसतं. त्यासाठी तोल लागतो, मऊ हात लागतात, आणि पडल्यावर परत चढायची तयारी. जोरच सगळं असता तर चेक स्वार योसेफ वान्याने 2011 मध्ये, 58 व्या वर्षी, वेल्का पार्दुबित्स्का आठव्यांदा जिंकली असती का?

हो, एवढ्या लांबच्या शर्यतीत पायांचा आणि पाठीचा दम लागतोच, तो मुलीला कमवावा लागेल. आणि हा खेळ घोड्यांवर क्रूर आहे, हेही लपवणार नाही. टॅक्सिसवर कित्येक घोडे मेले. 1992 ला आंदोलक थेट मैदानात घुसले, त्यानंतर खंदक उथळ केला गेला. ग्रँड नॅशनलनेही 2024 पासून घोड्यांची संख्या 40 वरून 34 वर आणली. मला हे बदल योग्य वाटतात, आणि ते आधीच व्हायला हवे होते.

मुलीला उड्या शिकू द्या. सरांशी खांद्यांवरून वाद घालत बसू नका. पुढच्या स्पर्धेत तिला कोणता घोडा मिळणार हे आजच विचारा आणि लेखी घ्या. आयत्या वेळी घोडा बदलला, तर फी परत मागा आणि क्लब बदला.