अछामला जायचंय, पण काय घेऊन?

प्रश्न: सलाम ताई. आमच्या चर्चच्या महिला मंडळाने यंदा नेपाळला मिशन ट्रिपला जायचं ठरवलंय. पश्चिमेकडे अछाम म्हणून डोंगराळ जिल्हा आहे, तिथल्या एका छोट्या मंडळीच्या पाळकीणबाईंशी आमची फोनवर ओळख झाली. त्या सांगतात तिकडे पाळी आली की बायकांना घराबाहेर गोठ्यात झोपायला लावतात. ऐकून आम्हाला रडूच आलं. साड्या-ड्रेस जमवायला घेतलेत, दोन पोती भरली पण, एकीची मुलगी नर्स आहे ती तपासणी करते म्हणाली, कोणी म्हणतं नेपाळी बायबल आणि पत्रिकाही वाटू. पण मिस्टर म्हणतात इथे काय बायका कमी आहेत का, एवढ्या लांब कशाला. जावं का? आणि गेलोच तर काय न्यावं?
— एक भगिनी, खडकी

उत्तर: सलाम. जा, नक्की जा, पण ती दोन पोती इथेच राहू द्या. आपल्या साड्या तिथल्या बायकांच्या काय कामाच्या, चढउतारावर डोक्याला पट्टा लावून ओझं वाहणाऱ्या बायका आहेत त्या, आणि पुण्याहून दिल्ली, मग उत्तराखंडातलं सीमेवरचं बनबसा, तिथून बॉर्डर ओलांडून पुढे डोंगरातला बसचा रस्ता, एवढं ते ओझं नेऊन शेवटी तुम्हीच थकाल.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला एकदम झटकून टाकावंसं वाटत नाही. आपल्याच गडचिरोलीत माडिया आदिवासी बायका पाळीत कुर्माघरात, म्हणजे वेगळ्या झोपडीत राहतात, हे आपल्या कितीतरी शिकलेल्या बायकांना माहीतच नाही. म्हणून अछामला जाताना "बिचाऱ्या मागासलेल्या" असा भाव मनात असेल तर आधी तो काढा. पण इथे पण आहे म्हणून तिथे जाऊच नये हेही मला पटत नाही, कारण तुम्हाला तिथल्या बाईनेच बोलावलंय, तुम्ही आपणहून निघाला नाहीत.

त्या प्रथेला छाउपडी म्हणतात आणि झोपडीला छाउगोठ. नेपाळच्या सुप्रीम कोर्टाने 2005 साली बंदी घातली, 2017 च्या कायद्याने तो गुन्हाच झाला, पाळणाऱ्या बाईला नाही तर तिला बाहेर पाठवणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 3000 नेपाळी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी चालूच आहे. थंडीत आत शेकोटी पेटवून धुराने गुदमरून बायका गेल्यात, साप चावून गेल्यात. सरकारी लोकांनी गोठे पाडले तेव्हा काही बायका त्याहून वाईट आडोशाला झोपायला लागल्या, कारण घरात घ्यायला सासू तयार नाही आणि देव कोपेल ही भीती तिच्या स्वतःच्याही मनात आहेच. म्हणून तिथे जाऊन कोणाला "आज तू घरातच झोप" असं कृपा करून सांगू नका. तुम्ही आठवड्याने परत येणार, बोलणी तिला खायची आहेत.

मग काय करायचं, तर शिवायचं! कापडी पॅड. वर मऊ सुती कापड, मधे फलालीनचे दोन-तीन थर, खाली ओल न झिरपणारं कापड आणि दोन्ही पंखांना टिचबटण. बाकी कापड तिकडेही मिळेल, पण ते खालचं कापड आणि टिचबटणं बोहरी आळीतून घेऊन जा. रंग गडद आणि फुलाफुलांचा निवडा, म्हणजे दोरीवर वाळत घातलं तर लांबून रुमाल वाटतो. हे फार महत्त्वाचं आहे कारण लाजेपोटी कापड अंधारात, दमट जागी लपवून वाळवतात आणि मग इन्फेक्शन होतं, ऊन लागलं पाहिजे. आधी तुम्ही स्वतः शिवून दोन-तीन महिने वापरा, धुवा, कुठे उसवतं ते बघा, मगच दुसरीला शिकवा. आणि मशीन द्यायचं असेल तर तिकडेच नेपाळमधल्या धनगढी शहरात घ्या, पायाने चालणारं, म्हणजे भन्सारची, म्हणजे सीमेवरच्या कस्टमची कटकट नाही आणि बिघडलं तर दुरुस्तही तिथेच होईल. ते कोणाच्या घरी राहणार हे मात्र तिथल्या बायकांनी बसून ठरवायचं, तुम्ही नाही.

बायबल आणि पत्रिकांबद्दल स्पष्टच सांगते, नेऊ नका. नेपाळमध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करणं किंवा त्यासाठी प्रोत्साहन देणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड, परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, 1890 मध्ये मुंबईहून आपल्या पुण्यात आलं, आणि 1893 मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात अशी ओरड झाली तेव्हा रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. बाईंचं मन कितीही स्वच्छ असलं तरी शिक्षण सुटलं ते त्या मुलींचं. पॅडच्या पिशवीत एक पत्रिका सापडली आणि गावाने बायकांना शिवणवर्गाला यायची बंदी केली तर? आणि त्या पाळकीणबाईंना तर तिथेच राहायचंय. उपासनेला बसा, गाणी म्हणा, साक्ष द्या, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगा, तिथल्या मंडळ्या शनिवारी भरतात कारण सुट्टी शनिवारची असते.

नर्स मुलीला जरूर न्या, पण तपासणी आणि औषधं नकोत, त्याला तिथली परवानगी लागते. तिने बायकांशी फक्त बोलावं. बाळंतपणानंतर लगेच जड ओझी उचलून गर्भाशय खाली सरकण्याचा त्रास तिकडे बऱ्याच जणींना असतो, त्याला त्या "आङ खस्ने" म्हणतात आणि वर्षानुवर्षं कोणाला सांगत नाहीत. जवळच्या सरकारी दवाखान्यात कोणाकडे जायचं हे पाळकीणबाईंकडून आधीच विचारून ठेवलं तर ती एखादीला सोबत घेऊन जाऊ शकेल. आणि फोटो! गोठ्यात बसलेल्या बाईचा फोटो चर्चच्या ग्रुपवर टाकायचा नाही म्हणजे नाही, तिने हो म्हटलं तरी नाही, पाहुण्यांना नाही म्हणणं अवघड असतं हो.

पैशाचं म्हणाल तर चर्चच्या ट्रस्टमधून काढू नका, ट्रस्टचा पैसा देशाबाहेर खर्च झाला की इन्कम टॅक्सच्या सवलतीचा प्रश्न येतो, आधी सीएला विचारा, नाहीतर प्रत्येकीने आपापला खर्च करावा. एक भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदान कार्ड हवं, 65 च्या आतल्या बायकांचं नुसतं आधार चालत नाही, तेव्हा मंडळात कोणाकोणाकडे काय आहे ते येत्या रविवारी उपासनेनंतर बघून घ्या आणि तिकिटं त्यानंतरच काढा.