फ्रेमचे क्रमांक सलग दिसावेत म्हणून काउंटर हलवू नका

आपल्या कॅमेऱ्याच्या लिनक्स ड्रायव्हरकडून फ्रेमना ४१०, ४१२, ४१२, ४१३ असे क्रमांक येतात, प्रोसेसरवर भार वाढला की हे अधिक घडते, आणि त्यावर उपाय म्हणून क्रमांक मोजणारा काउंटर फ्रेम सुरू होण्याच्या इंटरप्टमधून (हार्डवेअर प्रोसेसरला देते त्या सूचनेतून) काढून, भरलेला बफर (एका फ्रेमची मेमरीतली जागा) ॲप्लिकेशनला परत देण्याच्या जागी न्यावा का, असे आपण विचारले आहे. कृपया नेऊ नका. अगदी हेच आकडे मी पाहिले होते आणि नेमका हाच बदल केला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

बदल केल्यावर क्रमांक ०, १, २, ३ असे सलग येऊ लागले आणि चाचण्या पार पडल्या. काही आठवड्यांनी चित्राचा उजेड कमी-जास्त होऊ लागला, विशेषतः स्ट्रीम बराच वेळ चालू राहिला की. कारण असे होते की एक्सपोजर (सेन्सरने किती उजेड घ्यायचा ते) ठरवण्यासाठी लागणारी आकडेवारी देणारी बफरची रांग अजून फ्रेमच्या सुरुवातीलाच मोजत होती, तर चित्रांची रांग फक्त परत दिलेले बफर मोजत होती. मोकळा बफर नसल्यामुळे एक फ्रेम सुटली की तिथून पुढे ५०० क्रमांकाचे चित्र प्रत्यक्षात ५०१ क्रमांकाच्या आकडेवारीचे असायचे, आणि हे अंतर स्ट्रीम बंद होईपर्यंत प्रत्येक सुटलेल्या फ्रेमबरोबर वाढत जायचे. मी मात्र दोन महिने एक्सपोजरच्या अल्गोरिदमचे गुणांक बदलत बसलो, कारण क्रमांक सलग असल्यामुळे ड्रायव्हरवर संशयच येत नव्हता.

या काळात चिप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट विभागाला मी माझा पॅच आणि लॉग दोन्ही पाठवले होते. प्रत्येक उत्तराला आठवडा लागायचा, दरवेळी तोच लॉग पुन्हा मागितला जायचा, आणि अखेरीस सल्ला मिळाला की क्रमांक सलग आहेत म्हणजे ड्रायव्हर ठीक आहे, बफरची संख्या वाढवा. बफर वाढवल्यावर फ्रेम कमी सुटू लागल्या, त्यामुळे दोष दुर्मीळ झाला आणि शोधणे आणखी कठीण झाले. पॅच कोणी उघडून वाचला असता तर त्यातली ती एक ओळ लगेच डोळ्यांत भरली असती, याचा मला आजही राग येतो.

व्ही४एल२च्या (लिनक्समधल्या व्हिडिओ उपकरणांच्या इंटरफेसच्या) दस्तऐवजात याबद्दल संदिग्धता नाही: मोजणी शून्यापासून सुरू होते आणि बफरअभावी साठवता न आलेली फ्रेमही मोजली जाते. क्रमांकातली फट ही ॲप्लिकेशनला दिलेली माहिती आहे. ती बुजवली तर फ्रेम सुटल्याचे त्याला कळायला दुसरा सरळ मार्ग राहत नाही.

आपल्या आकड्यांत मात्र ४११ हरवला आहे आणि ४१२ दोनदा आला आहे, म्हणजे बहुधा फ्रेम सुटलेलीच नाही. हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारे ड्रायव्हरचे फंक्शन) उशिरा चालला की, काय घडले ते सांगणाऱ्या हार्डवेअरच्या स्टेटस रजिस्टरमध्ये आधीच्या फ्रेमच्या शेवटाचा आणि पुढच्या फ्रेमच्या सुरुवातीचा, असे दोन्ही बिट एकदम दिसतात. हँडलरने सुरुवातीचा बिट आधी तपासला तर काउंटर ४१२ होतो आणि ४११ चा बफर ४१२ हा क्रमांक घेऊन बाहेर पडतो. म्हणून एखादी फ्रेम चालू असल्याची खूण ड्रायव्हरमध्ये ठेवा. ती खूण असेल तर शेवट आधी हाताळा, नंतर सुरुवात. नसेल तर दोन्ही बिट एकाच फ्रेमचे आहेत, तेव्हा क्रम उलटा. इंटरप्टला याहून जास्त उशीर झाला तर सुरुवातीचा एक इंटरप्ट गिळला जातो आणि तो फक्त हार्डवेअरच्या काउंटरवरूनच कळतो. एमआयपीआय सीएसआय-२ (सेन्सरकडून चित्र आणणारी जोडणी) मधला १६ बिटांचा फ्रेम क्रमांक त्यासाठी वापरायचा मोह होईल, पण पाठवणारा सेन्सर तो कायम शून्य ठेवू शकतो आणि मोजत असला तरी तो फिरून १ वर येतो, त्यामुळे त्यातला फरक तेवढा पाहा, मूल्य जसेच्या तसे पुढे देऊ नका.

हा सगळा अनुभव सेन्सरकडून चित्र घेणाऱ्या ड्रायव्हरचा आहे. कोडेकच्या (व्हिडिओ संकुचित करणाऱ्या किंवा उलगडणाऱ्या हार्डवेअरच्या) ड्रायव्हरमध्ये आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या दोन्ही रांगांची मोजणी स्वतंत्र असते आणि जोडी टाइमस्टॅम्पवरून लावतात. यूएसबी कॅमेऱ्यात तर कॅमेऱ्याच्या आतच गळालेल्या फ्रेम मोजल्या जातीलच असे नाही. आणखी एक: व्ही४एल२मधले फ्रेम क्रमांकाचे फील्ड ३२ बिटांचे आहे, सेकंदाला ६० फ्रेम असतील तर सुमारे ८२८ दिवसांनी ते पुन्हा शून्यावर येते, म्हणून अखंड चालणाऱ्या यंत्रात दोन क्रमांकांची तुलना मोठा-लहान अशी न करता चिन्हविरहित वजाबाकीने करावी.

हँडलर शिरताच स्टेटस रजिस्टरचे मूल्य आणि काउंटर यांची ट्रेसमध्ये (कर्नलच्या हलक्या नोंदवहीत) नोंद घ्या, प्रिंटने नको, कारण त्याने उशीर वाढतो आणि परिस्थितीच बदलते. ४१२ च्या आसपासच्या दहा-बारा ओळी इथे टाकल्यात तर मी जरूर पाहीन.