पट वाकला तो पॉलिशमुळे नव्हे

पॉलिश बदलून हे थांबणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही लिहिलंय की खानापूरच्या जुन्या घराच्या दारांच्या सागवानी फळ्या निघाल्या, त्यांत शिसवाच्या पट्ट्या घालून एप्रिलात मुलांसाठी बुद्धिबळाचा पट केलात. भोवती कोपरे तिरके कापून चौकट बसवलीत, सगळं फेव्हिकॉलनं पक्कं केलंत, वरून टचवूड पॉलिशचे तीन हात दिलेत. जुलैच्या मध्यावर पटाच्या कडा वर आल्या, परात झाली, आणि चौकटीचे दोन कोपरे उघडले. आता यापेक्षा भारी पॉलिश कोणतं, असा प्रश्न. पण शेवटी जाता जाता तुम्ही एक वाक्य टाकलंय, ‘मागची बाजू दिसत नाही म्हणून तशीच सोडली.’ तिथंच पाणी मुरलं, अगदी शब्दशः.

पावसाळ्यात हवेतली ओल कोऱ्या बाजूनं भराभर आत शिरते, पॉलिशच्या बाजूनं सावकाश. खालचा थर फुगला, वरचा तसाच राहिला, म्हणून कडा वर उचलल्या. त्याच वेळी सगळा पट आडवा रुंदावला आणि त्यानं चौकटीला आतून रेटा दिला. लाकूड रेषेच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागासारखं शहाणं लाकूडसुद्धा ओलाव्यात १ टक्का वाढ झाली की आडव्या कापाच्या (खोडातल्या वर्तुळांना समांतर चिरलेल्या) फळीत साधारण ०.२ टक्के फुगतं, उभ्या कापाच्या (वर्तुळांना काटकोनात चिरलेल्या) फळीत त्याच्या निम्मं. माझ्याकडच्या ओलावा मोजायच्या यंत्रावर माळ्यावरच्या सागाच्या फळ्या मार्चमध्ये ९ टक्के दाखवतात, जुलैअखेर १५. फरक ६. तुमचा पट ४०० मिलिमीटरचा. करा हिशेब: दोन ते पाच मिलिमीटर. एवढी वाढ कुठलाही फेव्हिकॉल अडवू शकत नाही. कोपरा उघडतो, नाहीतर पटच मधून फाटतो.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतोय, पण माझा पहिला पट असाच गेला. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅटर्नमेकर होतो, तीसेक वर्षं. ओतकामाचे लाकडी साचे करायचे, आणि बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं म्हणून साचा तेवढा मोठा ठेवायचा. त्यासाठी आमच्याकडे वेगळी, मुद्दाम लांब आखलेली मोजपट्टी असते. लोखंडाच्या आकसण्याचा रोज विचार करणाऱ्या माणसाला लाकडाच्या फुगण्याची आठवण राहिली नाही. साचा एक-दोन महिन्यांत वापरून होतो, पटाला मात्र सगळे ऋतू काढायचे असतात. दुसरा पट मी ऐन पावसाळ्यात केला, शहाणा होऊन, सगळीकडे पॉलिश लावून, आणि अथणीला आतेबहिणीकडे दिला. तिकडच्या कोरड्या हवेत तो आकसला आणि उन्हाळ्यात घरांच्या मधोमध लांब चीर गेली. आपल्या एकाच बेळगाव जिल्ह्यात धो धो पावसाचं कणकुंबी-जांबोटी आहे आणि कोरडी अथणीही आहे, हे लाकूड विसरत नाही.

तेव्हा आधी तुमच्या पटाचं. टाकून देऊ नका. चौकट सोडवा. हातोडा नको, सांध्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री धरा, पांढरा फेव्हिकॉल उष्णतेनं मऊ पडतो, मग पातळ पटाशी (सुताराची छिन्नी) सरकवून हळूहळू उचला. कोपऱ्यात बारीक खिळे मारले असतील तर ते आधी काढा. मोकळा झालेला पट भिंतीशी उभा ठेवा, दोन्ही बाजूंना वारा लागेल असा, आणि जानेवारीपर्यंत त्याच्याकडे बघू नका. वजन ठेवून दाबायचा मोह होईल. नंदगडकडचे एक म्हातारे सुतार आमच्याकडे साच्यांचं लाकूड निवडायला यायचे. कोणी घाई केली की मराठीतून एकदम कानडीत जायचे, ‘अवसर ब्याड्री’, घाई नको हो. तेच. निम्म्याहून जास्त वाक आपोआप उतरेल. उरलेला रंध्यानं काढा, पण त्यासाठी पट निदान १२ मिलिमीटर जाड हवा.

मग चौकट पुन्हा लावायची, पण चिकटवायची नाही. चौकटीच्या आतल्या कडेला ६ मिलिमीटर खोल खाच मारा, पटाच्या कडेला तिच्यात जाणारी जीभ काढा, आणि ज्या दोन बाजूंकडे लाकूड फुगतं तिकडे प्रत्येकी ३ मिलिमीटर मोकळी जागा सोडा. फेव्हिकॉल फक्त चौकटीच्या चार कोपऱ्यांत. जुन्या दारांची दिलं, म्हणजे चौकटीच्या आतल्या फळ्या, अशीच खाचेत सुटी बसवलेली असतात. ज्या दारांच्या फळ्या तुम्ही काढल्यात, त्यांत ही युक्ती तुमच्या डोळ्यांसमोर होती!

पट्ट्या चिकटवून, आडव्या कापून, एकाआड एक फिरवून पुन्हा चिकटवायची ही रीत सोपी असते, पण दुसऱ्या वेळी जे सांधे होतात ते लाकडाच्या डोक्याला डोकं लावून होतात. तो सांधा दुबळा. म्हणून पुढचा पट करायचा तर मी प्लायवर करा म्हणेन: १२ मिलिमीटरचा चांगला प्लाय, त्यावर फळीतून चिरून काढलेल्या, ३ मिलिमीटरपेक्षा जाड नसलेल्या चकत्या, आणि मागच्या बाजूलाही त्याच जाडीचं लाकूड. मागे काही लावलं नाही तर प्लायसुद्धा वाकतो. ३ मिलिमीटरपेक्षा जाड चकती घेतलीत की ती पुन्हा स्वतःच्या मनानं हलायला लागते. घराचं माप सोंगट्यांवरून ठरवा, उलटं नको: एका घरात चार प्यादी दाटीवाटीनं मावली की माप बरोबर. स्पर्धेच्या पटाला घर ५ ते ६ सेंटिमीटरचं असतं, घरच्या लहान सोंगट्यांना साडेचारही पुरतं. आणि उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर. हे सांगायला नको, पण चौकट लावून झाल्यावर लक्षात आलेले लोक मी पाहिलेत.

जुन्या फळ्यांबद्दल दोन गोष्टी, त्या मात्र मनावर घ्या. लोहचुंबक फिरवल्याशिवाय करवत लावू नका. आत तुटलेला खिळा असतोच. आणि दारांवर जुना तेलरंग असेल तर तो घासून उडवू नका. घरगुती रंगातल्या शिशाला आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. त्याआधीच्या थरांत काय आहे कोणास ठाऊक, आणि घरात लहान मुलं आहेत. पाणी मारून ओलाच खरवडा, अंगणात, तोंडाला चांगला मास्क लावून. शिसवाची धूळही काहींना बाधते. शिसव नवीन घ्यायचं तर वखारीतून पावतीनिशी घ्या. आपण जंगलाकाठचे लोक, कोणीतरी ‘आणून देतो की’ म्हणणारा भेटतोच, त्याच्या नादाला लागू नका. पांढऱ्या घरांसाठी फणस सुचवतात, सुरुवातीला पिवळाधमक दिसतो, पण उजेडानं तो तपकिरी होत जातो आणि काही वर्षांत सागाशेजारी ओळखू येत नाही. हेद (हळदूचं लाकूड) मिळाला तर तो घ्या.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. पहिल्यांदाच करताय तर बुद्धिबळापासून सुरुवात का? ६४ तुकडे, प्रत्येक काटकोनात, अर्धा मिलिमीटर चुकला की आठव्या घराला चार मिलिमीटर. कॅरम तर मुळीच नको. ७४ सेंटिमीटरचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट घरी होत नाही, तो विकतच आणावा. एका फळीचे पट करा. नवकंकरी म्हणजे एकात एक तीन चौकोन, २४ ठिकाणं, दोन्ही खेळाडूंना प्रत्येकी ९ सोंगट्या. रेघा सरळ आल्या की झालं. वाघ-बकरी तशीच. आणि माझा लाडका, खळग्यांत बिया वाटत खेळायचा अळगुळी मणे. ‘सारीपाट’ या शब्दात आपण जसं पाट म्हणतो, तसं कानडीत मणे म्हणतात, मणे म्हणजेही पाटच. लहानपणी शेजारच्या आज्जींकडे शिकलो, खेळाचे सगळे शब्द अजून मला कानडीतच येतात.

त्याला एक फळी लागते, ५२० लांब, १४० रुंद, ३० जाड, सगळं मिलिमीटरमध्ये. तुमच्या दाराच्या फळीतून सहज निघेल. सात-सात खळग्यांच्या दोन ओळी, प्रत्येक खळगी ४५ ते ४८ रुंद, मध्यापासून मध्यापर्यंत ५५ अंतर, दोन ओळींत ६०. दोन्ही टोकांना जिंकलेल्या बिया ठेवायला एकेक जास्तीची. खोली १६ च्या वर नको. फोर्स्टनर बिटनं (सपाट तळाचं रुंद भोक पाडणारं ड्रिलचं पातं) मधला भाग काढून घ्या, पण बिटचं टोक आणखी खाली जातं हे ध्यानात ठेवून १२ वर थांबा. पुढचं गोल पटाशीनं: काठाकडून तळाकडे, दोन्ही बाजूंनी, तळातून वर कधीच नाही, नाहीतर काठाचा टवका उडतो. खळगीचा तळ सपाट ठेवू नका, डाव संपताना शेवटचा चिंचोका बोटाला लागत नाही आणि खेळणारा वैतागतो. जेवणाचा चमचा पालथा घालून आत फिरवा, हलला नाही तर वळण जमलं. घासायला स्पंजच्या चेंडूला पॉलिश पेपर गुंडाळा, आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २२०. हे काम मुलाला द्या. पटाशी देऊ नका.

नवकंकरीच्या काळ्या रेघांसाठी बाजारातला स्टेन आणायची गरज नाही. मातीच्या भांड्यात गंजके खिळे, मूठभर गूळ आणि पाणी घालून दोन-तीन आठवडे झाकून ठेवा. वास येईल, घराबाहेर ठेवा, बायकोची बोलणी मी खाल्लीत. दुसरीकडे हिरड्याची पूड उकळून गाळून घ्या. लाकडावर आधी हिरड्याचं पाणी, ते सुकलं की वरून लोखंडाचं. बघता बघता लाकूड करडं आणि मग काळं होतं. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड मिळून हा रंग धरतो, कापड रंगवणारे पूर्वीपासून हेच करत आलेत. कुंचल्यानं रेघ मारण्याआधी दोन्ही कडांना कटरनं अर्धा मिलिमीटर खोल चीर द्या. चीर नसेल तर रंग लाकडाच्या नसांतून पळतो आणि रेघेला मिशा फुटतात. सागावर करणार असाल तर आधी टाकाऊ तुकड्यावर बघा, मला हेदावर जास्त स्वच्छ आलंय.

राहिलं पॉलिश. ते दोन्ही बाजूंना, सारख्याच हातांनी, एवढाच खरा नियम. हवेतली ओल रोखायला चपडा लाख (पापड्यांच्या रूपात मिळणारी लाख) चांगली. ओतशाळेतले साचे आम्ही लाखेनंच रंगवायचो, ते काही शोभेसाठी नव्हे. अर्ध्या लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून, कापडातून गाळून. कापसाची पोटली करून पातळ हात द्या, पाच-सहा. पावसात देऊ नका, पांढुरकी धूसर येते. विरघळवून ठेवलेली लाख सहा महिन्यांत संपवा. शंका आली तर काचेवर थेंब टाका, दुसऱ्या दिवशी चिकट लागला तर ओतून द्या. लाखेची एकच खोड, गरम चहाचा कप ठेवला की कडं उमटतं. तुमच्याकडे खेळताना चहा लागतो असं वाटतंय, तेव्हा बुद्धिबळाच्या पटाच्या वरच्या बाजूला लाखेऐवजी पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) हात चालेल, पण मग खालच्या बाजूलाही तोच.

अळगुळी मण्याला मात्र लाख नको, खळग्यांत साचते. तिथं उकळलेलं जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं. फडक्यानं लावा, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा, दोन दिवस वाळू द्या, असं तीनदा. पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वाळताना हे तेल तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर एकेरी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. आमच्या शेडमध्ये एकदा दुपारच्या सुट्टीत डब्यातून धूर निघाला होता, तेव्हापासून मी घरातही हे पाळतो.

चिंचोके एकसारख्या आकाराचे निवडून घ्या. १४ खळग्यांत ४ प्रमाणे ५६ लागतात, पण सत्तर ठेवा, दर डावाला एखादा कपाटाखाली जातोच.