बेस वाढवणारे यंत्र, शेजाऱ्यांची नोटीस आणि ४८ डेसिबलचा आकडा

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावर आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. स्टीरिओ ॲम्प्लिफायरच्या टेप-लूपमध्ये (आवाजाचा सिग्नल बाहेरच्या यंत्रातून फिरवून परत आणणाऱ्या जोडणीत) मी सब-हार्मोनिक सिंथेसायझर हे बेस वाढवणारे यंत्र जोडले आहे आणि १२ इंची सबवूफर (फक्त बेस वाजवणारा स्पीकर) हॉलच्या कोपऱ्यात ठेवला आहे. खालच्या मजल्यावरचे कुटुंब म्हणते की त्यांच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, झोप होत नाही. एकदा रात्री पावणेअकराला पोलीस येऊन 'पुन्हा तक्रार आली तर सेट उचलून नेऊ' असे बजावून गेले. आता वकिलाची नोटीस आली आहे : १५ दिवसांत यंत्र काढा आणि भिंतीला गेलेल्या तड्यांची भरपाई द्या. पोलीस आले त्याच रात्री मोबाइलच्या ॲपने माझ्या दाराबाहेर ४८ डेसिबल दाखवले होते. मी नियमात आहे ना?

उत्तर : असे यंत्र घरात ठेवणे किंवा वापरणे यावर कुठल्याही कायद्याने सरसकट बंदी घातलेली नाही. त्यामुळे 'यंत्रच बेकायदा आहे' असा नोटिशीचा सूर असेल तर तो टिकणार नाही. मात्र ४८ डेसिबलच्या भरवशावर उत्तर पाठवू नका. तो आकडा तुम्हाला वाटतो तेवढा तुमच्या बाजूचा नाही.

आधी आकड्यांचा कायदा पाहू. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी मालकीच्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. म्हणजे रात्री ५०, आणि तुमचे ४८ त्याच्या आत बसतात. पण नियम ५(२) वेगळेच सांगतो. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू जाण्यापुरता वापर आणि सार्वजनिक आणीबाणी सोडली तर रात्री ध्वनिवर्धक वापरायचाच नाही. फ्लॅट ही 'बंदिस्त जागा' आहे असा युक्तिवाद करता येईल, पण ज्याचा आवाज खालच्या घराच्या काचा हलवतो तो वापर 'आतल्या आत' कसा, हा पुढचा प्रश्न अडचणीचा ठरेल. शिवाय रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाला असेल तर नियम ७ खालच्या तक्रारीला मोजमापाची अटही नाही. १० डेसिबलच्या जादा आवाजाची अट इतर वेळच्या तक्रारीला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या ध्वनिप्रदूषणावरील निकालातही रात्री १० ते ६ ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा आदेश दिला आहे. तेव्हा दहानंतर वाजवणे आजपासून थांबवा. या मुद्द्यावर लढण्यासारखे काही नाही.

आता मोजमापाचे. नियमांतले सगळे आकडे 'ए' वेटिंगचे (कानाला सूर जसे ऐकू येतात त्याप्रमाणे त्यांना कमी-जास्त वजन देणाऱ्या मापाचे) आहेत, आणि हे वेटिंग खालच्या कंपनसंख्यांचे मोल फार कमी धरते : १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वजा, ६३ ला २६, ४० ला जवळपास ३५. म्हणजे ४० हर्ट्झचा ८२ डेसिबलचा घुमारा मीटरवर ४७-४८ दिसतो. खालच्या सुरांना जवळपास पूर्ण वजन देणाऱ्या 'सी' वेटिंगवर तोच ८० दिसेल. त्यातून मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, बेस तो आणखी कमी पकडतो, आणि कॅलिब्रेशन नसलेले ॲप पुरावा म्हणून उभेही राहत नाही. समोरच्यांनी ध्वनितज्ज्ञ आणला आणि त्याने सी व ए या दोन मापांत २० डेसिबलहून मोठा फरक दाखवला, तर तुमचा ४८ चा कागद तुमच्यावरच उलटेल.

तुमचे यंत्र या दुखण्याच्या मुळाशी आहे. सब-हार्मोनिक सिंथेसायझर मूळ ध्वनिमुद्रणातला, समजा, ८० हर्ट्झचा सूर घेऊन त्याखाली ४० हर्ट्झचा नवा सूर तयार करतो. भिंत किंवा स्लॅब जेवढा आवाज अडवतो ते प्रमाण कंपनसंख्या निम्मी झाली की साधारण ६ डेसिबलने घटते. म्हणजे यंत्र आवाजाला नेमके तिथे नेते जिथे स्लॅब कमकुवत आहे. कोपऱ्यातला सबवूफर दोन भिंती आणि जमीन यांच्या साथीने तो आणखी वाढवतो. ॲम्प्लिफायरचे बेस उचलणारे 'लाउडनेस' बटण चालू असेल तर तिसरी भर. खोलीची लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास असेल तर ४० हर्ट्झला खोलीच घुमते.

दिवाणी न्यायालयात हे सगळे महत्त्वाचे ठरते, कारण खासगी उपद्रवाच्या दाव्यात डेसिबलची मर्यादा ही शेवटची कसोटी नसते. सर्वसाधारण माणसाला आपल्या घरात सुखाने राहण्यात भरीव अडथळा येतो का, आणि तुमचा वापर वाजवी आहे का, एवढे न्यायालय पाहते. वेळ, वारंवारता, आधी मिळालेली सूचना आणि त्यानंतरचे तुमचे वागणे यांना मोठे वजन असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली अंतरिम मनाई हुकूम काही दिवसांतही मिळू शकतो. सार्वजनिक उपद्रवाचे कलम (भारतीय न्याय संहिता, कलम २७०) मात्र एकाच कुटुंबाच्या तक्रारीवर सहसा बसत नाही. त्यासाठी आसपासच्या लोकांना सरसकट त्रास व्हावा लागतो.

पोलिसांनी सेट खरोखर नेलाच तर अडवू नका. जप्ती पंचनाम्याची प्रत मागा, त्यात प्रत्येक वस्तूचा मॉडेल व अनुक्रमांक लिहून घ्या, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे परत मिळण्याचा अर्ज करा. ध्वनिप्रदूषण नियमांतल्या नियम ८ खाली लेखी बंदी-आदेश निघाला तर तो बदलण्यासाठी अर्ज करता येतो आणि तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्या अर्जाचा निकाल लावता येत नाही.

उत्तर पाठवण्याआधी घरात हे करा, म्हणजे उत्तरात लिहायला काही ठोस असेल. सिंथेसायझर बायपासवर टाका (म्हणजे आवाज त्याच्या प्रक्रियेशिवाय पुढे जाईल) आणि तारीख नोंदवा. लाउडनेस बंद. सबवूफर कोपऱ्यातून काढून बसण्याच्या जागेजवळ आणा आणि त्याची लेव्हल ६ डेसिबलने उतरवा. जवळून ऐकल्यामुळे तुम्हाला फारसे उणे वाटणार नाही, पण ध्वनीची शक्ती चौथाईवर येते. सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर गाळणारा) असेल तर ३५ हर्ट्झवर लावा. सबवूफरखाली रबर किंवा स्प्रिंगचे पाय लावायचे तर त्यावर ठेवलेल्या वजनासह त्यांची स्वतःची कंपनसंख्या १० हर्ट्झच्या आसपास किंवा खाली हवी. पातळ, कडक फोमवर ठेवून काही साधत नाही, आणि टोकदार स्पाइक तर कंपने थेट स्लॅबमध्ये उतरवतात. भिंतीला फोमचे पॅनेल चिकटवण्यावर पैसे घालवू नका. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, दोन इंची फोम तिला दिसतही नाही. भरीव बेसची आवड सोडायची नसेल तर खालचा सूर निर्माण करणाऱ्या यंत्राऐवजी वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) वाढवणारे यंत्र घ्या. कान त्यांवरून मूळ खालचा सूर 'ऐकतो', पण प्रत्यक्षात तो स्लॅबमधून खाली जातच नाही. सोफ्याला बसवायचा शेकर (बेससोबत सोफा हलवणारे यंत्र) असेल तर सोफ्याच्या पायांखाली रबर हवेच.

नोटिशीचे उत्तर १५ दिवसांच्या आत, तुमच्या वकिलामार्फत पाठवा. त्यात यंत्र असल्याचे नाकारू नका आणि 'आमचा आवाज मर्यादेत आहे' एवढ्या एका वाक्यावर थांबूही नका. केलेले बदल तारखेसह लिहा आणि संयुक्त चाचणीचा प्रस्ताव ठेवा : वर तेच गाणे, आवाजाचे बटण त्याच खुणेवर, एकदा यंत्र चालू आणि एकदा बायपास, प्रत्येकी तीन मिनिटे, खाली त्यांच्या बेडरूममध्ये दारे-खिडक्या आणि पंखा बंद करून कॅलिब्रेटेड मीटरवर ए व सी दोन्ही मापे. आधी वर सगळे बंद ठेवून खोलीचा मूळ आवाज मोजायचा. मग २५ ते ८० हर्ट्झचे सूर एकेक वाजवून कोणत्या सुराला काच थरथरते ते पाहा. पुष्कळदा ती एकाच सुराला थरथरते आणि इक्वलायझरवर तेवढाच भाग उतरवून प्रश्न मिटतो. निष्कर्षाच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. तडजोडीचा कोणताही प्रस्ताव वेगळ्या पत्रात द्या आणि तो पुरावा म्हणून वापरायचा नाही ही अट त्यातच स्पष्ट लिहा; भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २१ दिवाणी प्रकरणात अशा कबुलीला संरक्षण देते.

तड्यांची भरपाई आत्ता मान्य करू नका. तडे तुमच्या बेसमुळेच गेले हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांची आहे. उत्तरात स्थापत्य अभियंत्याचा अहवाल आणि तड्यांचे तारखेसह फोटो मागा, तुमच्या फ्लॅटमधल्या त्याच भिंतीचेही फोटो काढून ठेवा. बोलणे जुळत आले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करा. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही, म्हणून वाजवण्याच्या वेळा, सबवूफरची जागा आणि लेव्हलची खूण त्यात शब्दशः लिहून घ्या.